घोडा भिंतीतून पलीकडे गेला!

काय मुलांनो, घरात बुद्धिबळाचा पट आहे ना? मग तो मांडा आणि आई-बाबांनाही शेजारी बसवा. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी संगणकावर बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. घरगुतीच, साधासा. वर्गात नेला तर चौथीची पोरं रांग लावून उभी! एक मुलगी काळी मोहरी घेऊन खेळत होती. मध्येच ओरडली, "बाई, यानं फसवलं! घोडा उजव्या कडेवरून एकदम डावीकडे आला आणि माझा वजीर खाल्ला." मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटलं, "संगणक कसा फसवेल? तूच नीट बघितलं नसशील." बिचारी गप्प बसली.

संध्याकाळी वह्यांच्या गठ्ठ्यात तिची वही निघाली. मागच्या पानावर डावाच्या सगळ्या चाली लिहिलेल्या! त्या लावून पाहिल्या आणि मला घाम फुटला. तिचंच बरोबर होतं.

झालं होतं असं. पटाची ६४ घरं मी संगणकाला एका ओळीत सांगितली होती. पांढऱ्याच्या बाजूची खालची ओळ १ ते ८, तिच्यावर ९ ते १६, असं. घोड्याची एक उडी म्हणजे १० मिळवायचे, २८ वरून ३८. बोट ठेवून बघा, बरोब्बर अडीच घरं. पण उजव्या कडेच्या ३२ मध्ये १० मिळवले की येतात ४२, आणि ४२ तर पार डावीकडे! संगणकाला कड कुठली दिसायला? त्याला फक्त बेरीज येते.

मग मी 'जर' लिहीत सुटले. जर घोडा शेवटच्या स्तंभात असेल तर ही उडी नाही. शेवटून दुसऱ्यात असेल तरी नाही. डावीकडेही तसंच. तिरकं मारणाऱ्या प्याद्याचंही तसंच. रात्री मोजले तर ३७ 'जर'! कोंबलेल्या कपाटाचं दार लावावं आणि एक बाही बाहेरच राहावी, तशी गत.

शेवटी सगळे पुसले आणि पटच मोठा केला. वर दोन नि खाली दोन जादा ओळी, दोन्ही बाजूंना एकेक जादा स्तंभ. १२ ओळी, १० स्तंभ, १२० घरं. जादा घरांवर लिहिलं 'भिंत'. घोडा आडवा दोन घरं जातो, मग बाजूला एकच स्तंभ कसा पुरतो? अहो, घरं एका रांगेत आहेत ना! एका ओळीची उजवी भिंत संपली की लगेच वरच्या ओळीची डावी भिंत. (युक्ती माझी नाही हं, असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ती जुनीच आहे.) आता कडेसाठी प्रश्न एकच: पोचलास तिथे भिंत आहे का?

बाकीच्या नियमांचा तक्ता झाला. हत्तीला १ आणि १०, उंटाला ९ आणि ११, घोड्याला ८, १२, १९, २१. मिळवायचे किंवा वजा करायचे. वजिराला हत्ती-उंटाचेच आकडे. राजालाही तेच, पण एकच पाऊल. प्यादं मात्र हट्टी, त्याचं वेगळं लिहावं लागलं.

शह ओळखणंही सोपं झालं. आधी मी शत्रूच्या एकेका मोहऱ्याला विचारायची, "राजा तुझ्या माऱ्यात आहे का?" आता राजाच्याच घरात उभं राहून घोड्याच्या आठ उड्या मारते. शत्रूचा घोडा भेटला की शह! किल्लेकोटाला हाच प्रश्न तीन घरांसाठी: राजा उभा आहे ते, ओलांडतो ते आणि पोचतो ते.

आणि पडताळा? सुरुवातीला पांढऱ्याच्या २० चाली असतात. पट मांडलाय ना, मोजा. काळ्याचं उत्तर धरून ४०० डाव होतात, पांढऱ्याची पुढची चाल धरून ८,९०२. माझ्या प्रोग्रामनं ८,९०२ सांगितले तेव्हा कुठे जेवले. एवढ्यात किल्लेकोट येतच नाही. तो नंतर वेगळा तपासला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "काल चुकलं ते माझं." वही उघडून डाव तिथूनच पुन्हा मांडला. तिचा वजीर तिला परत मिळाला. तरी पुढे ती हरलीच. "आता हरले ते चालेल, बाई," म्हणाली, आणि लगेच मोहरी मांडायला लागली.