हजेरीपटाबाहेरचे मूल

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्यातील पंचवीस टक्के जागांच्या तरतुदीची चर्चा दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात होते. आठवीपर्यंत कोणालाही नापास न करण्याच्या तरतुदीवर तर इतका वाद झाला की २०१९ साली ती सैल करण्यात आली. परंतु याच कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांचा उल्लेख क्वचितच कानी पडतो. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे, हे त्यांपैकी एक कर्तव्य. कायद्याचे शब्द नीट वाचले पाहिजेत. शाळेत आलेल्या मुलांची नोंद ठेवा असे तो म्हणत नाही. हद्दीत राहणाऱ्या मुलांची ठेवा, असे म्हणतो. पहिल्या नोंदीस हजेरीपट म्हणतात आणि तो प्रत्येक शाळेत असतो. दुसरी नोंदवही कोणाच्या टेबलावर असते, हा प्रश्न अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कोणत्याही विभाग कार्यालयात जाऊन विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळणे कठीण आहे.

मुंबईच्या बाबतीत ही गोष्ट अधिक खटकते, कारण प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी या नगरीवर आज-काल येऊन पडलेली नाही. १८८८ च्या महापालिका अधिनियमानेच प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुंबई शहरासाठी १९२० साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ पासून एफ आणि जी या दोन विभागांत सक्ती लागू झाली. यातील एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. त्या वेळी सक्तीचे एकक शाळा नव्हते; विभाग होता. अमुक विभागातील मुले शाळेत आहेत की नाहीत, हे पाहणे म्हणजे सक्ती. पुढे १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, उपनगरांत शाळा निघाल्या, पण विभागातील मुलांकडे पाहण्याची ती दृष्टी मात्र शाळांच्या संख्येत हरवून गेली.

आकारमानाचा विचार केला तरी विभाग हेच योग्य एकक ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार बोरिवलीच्या आर मध्य विभागाची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६२ हजार होती. कोल्हापूर शहराची ५ लाख ४९ हजार. मुलुंडचा टी विभाग ३ लाख ४१ हजारांचा, तर चंद्रपूर शहर ३ लाख २० हजारांचे. घाटकोपरचा एन विभाग सव्वासहा लाखांच्या घरात होता आणि अंधेरी पूर्वेचा के पूर्व विभाग सव्वाआठ लाखांच्या. म्हणजे ज्याला मुंबईकर एक उपनगर म्हणतो, ते महाराष्ट्रात इतरत्र असते तर स्वतंत्र महानगर झाले असते; त्याची स्वतःची महापालिका असती, स्वतःचा शिक्षणाधिकारी असता आणि गावातील मुलांच्या शिक्षणाचे काय चालले आहे हे विचारण्यासाठी लोक त्याच्या दारात उभे राहिले असते.

मुंबईच्या विभागांत अधिकारी नाहीत असे नव्हे. शाळांसाठी प्रशासकीय अधिकारी आहेत, विभाग निरीक्षक आहेत, मुख्याध्यापक आहेत. परंतु प्रत्येकाचा अधिकार एका तुकड्यापुरता आहे. महापालिकेच्या प्राथमिक शाळा महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे. खाजगी माध्यमिक शाळा राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे. अंगणवाड्या एकात्मिक बालविकास योजनेकडे. विशेष मुलांच्या शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. मूल मात्र एकच असते. तीन वर्षांचे असताना ते एका खात्याचे, सहाव्या वर्षी दुसऱ्याचे आणि नववीत तिसऱ्याचे होते. एका खात्याच्या दारातून बाहेर पडून दुसऱ्याच्या दारापर्यंत ते पोहोचले की नाही, हे पाहण्याचे काम कोणाचेच नाही.

मूल हरवते ते नेमके या दोन दारांच्या मधल्या जागेत. महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळा पुष्कळच कमी आहेत. आठवी झालेल्या मुलाने पुढची शाळा स्वतः शोधायची असते आणि कायद्याचे संरक्षणही चौदाव्या वर्षी संपते. घरची आर्थिक ओढ ज्या वयात सर्वांत जास्त जाणवते, त्याच वयात व्यवस्था हात सोडते. शाळेच्या दप्तरी अशा मुलाची नोंद ‘शाळा सोडल्याचा दाखला दिला’ एवढीच राहते. दाखला घेऊन ते कोठे गेले, हे दप्तर सांगत नाही.

दुसरी वाट पुनर्वसनाची. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यानंतर २०१७ पासून घाटकोपर-विद्याविहारच्या परिसरातील अनेक कुटुंबांना माहुल येथे जावे लागले. तेथील प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला; मुलांची शाळा दूर पडली, ही तक्रार मात्र त्या गदारोळात मागे राहिली. रेल्वेमार्गालगतची कुटुंबे त्याआधीच मानखुर्द आणि वाशी नाक्याकडे हलविली गेली होती. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कुटुंबे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत राहतात. स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून द्यावा आणि दाखल्याअभावी तो नाकारू नये, असे कायदा स्पष्ट सांगतो. पण घर हलविणाऱ्या यंत्रणेकडे झोपडीची पात्रता तपासणारी यादी असते. त्या झोपडीत राहणारे मूल कितवीत आहे, हा रकाना त्या यादीत कोणासाठीही महत्त्वाचा नसतो.

मोजणीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. शिक्षक वस्त्यावस्त्यांतून हिंडले, मुलांच्या बोटांवर शाईच्या खुणा झाल्या. त्याच वर्षी ‘सरल’ ही विद्यार्थ्यांची संगणकीय नोंद सुरू झाली. दोन्ही उपक्रम आपापल्या परीने उपयुक्त होते. परंतु एका दिवसाची गणती म्हणजे नोंदवही नव्हे, आणि संगणकातील नोंद शाळेपासून सुरू होते. जे मूल शाळेतच नाही, ते तिलाही दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर महापालिकेच्या अलीकडील धोरणाकडे पाहावे लागते. २०२० साली जोगेश्वरीच्या पूनमनगर येथे केंद्रीय मंडळाची शाळा सुरू झाली. पुढल्या वर्षी बोरिवलीतील चिकूवाडी, मुलुंडमधील मिठागर, विद्याविहारमधील राजावाडी येथेही तशा शाळा निघाल्या. पालकांच्या उड्या पडल्या आणि प्रवेश सोडतीने द्यावे लागले. महापालिकेच्या शाळेसाठी रांग लागावी, ही आनंदाची गोष्ट आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. सोडत ही वशिल्यापेक्षा न्याय्य, हेही मान्य करावे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने सोडत म्हणजे टंचाईची कबुली असते. धान्य पुरेसे असते तेथे चिठ्ठ्या टाकाव्या लागत नाहीत. शिवाय अर्ज करणारा पालक हा मुळातच जागरूक पालक असतो. ज्याला अर्जाची तारीख कळली नाही, ज्याची पाळी त्या दिवशी कारखान्यात होती, त्याचे मूल सोडतीत हरत नाही. ते सोडतीत नसतेच. चांगली शाळा काढणे आणि सर्व मुलांना चांगली शाळा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याचे उद्घाटन करता येते, दुसऱ्याचे येत नाही.

हीच गोष्ट शाळांच्या विलीनीकरणाची. पट घसरला की दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढतो आणि दोन शाळा एकत्र करणे काटकसरीचे वाटते. हिशेबात ते खरेही असते. पण तो हिशेब अर्धा असतो. सहा-सात वर्षांच्या मुलीला नव्या शाळेसाठी द्रुतगती मार्ग ओलांडावा लागला तर आईला तिला पोहोचवायला जावे लागते आणि तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. महापालिकेच्या वहीत जी बचत दिसते, ती पालकाच्या वहीत खर्च म्हणून पडलेली असते. पालकाची वही कोणी तपासत नाही, इतकेच. मराठी माध्यमाच्या शाळा ओस पडत असल्याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी या दुसऱ्या वहीकडेही एकदा पाहावे.

शिक्षकांचा वेळ हाही असाच न मांडला जाणारा खर्च आहे. जनगणना, निवडणूक व आपत्तीनिवारण या कामांसाठी शिक्षकांना नेण्याची मुभा कायदाच देतो. २०२७ ची जनगणना ही राष्ट्रीय गरज आहे, हेही खरे. परंतु शिक्षक गेल्यावर त्याच्या वर्गात कोण उभे राहील, याची तजवीज करण्याचा अधिकार विभागातील कोणाकडे नसेल, तर गणतीचा भार देशावर न पडता त्या चाळीस मुलांवर पडतो.

उपाय अवघड नाही; किंबहुना तो नवाही नाही. डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली शेजारच्या शाळांचा गट एकत्र बांधून ‘शाळा संकुल’ करण्याची शिफारस केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीच कल्पना पुन्हा मांडली. मुंबईच्या प्रत्येक विभागात एक असा शिक्षणप्रमुख असावा, की ज्याला विभागातील शाळांचाच नव्हे, तर मुलांचा जाब विचारता येईल. त्याने मुलांची नोंदवही ठेवावी आणि दरवर्षी तिचा गोषवारा विभाग कार्यालयात लावावा. त्याची बदली किमान तीन वर्षे होऊ नये. राखीव शिक्षकांची एक तुकडी आणि छप्पर, स्वच्छतागृह, बसभाडे यांसाठी थोडा निधी त्याच्या स्वतःच्या अखत्यारीत असावा. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केलेलीच आहे. त्याने आपला अहवाल तेथे उघडपणे मांडावा.

यावर आक्षेप घेतला जाईल की अधिकार विभागाकडे गेले की स्थानिक वशिलेबाजी वाढेल आणि श्रीमंत विभाग पुढे, गरीब विभाग मागे असे होईल. आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत शाळांचा कारभार स्थानिक जिल्ह्यांकडे आहे आणि त्यांचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. परिणामी गरीब वस्तीतील शाळाही गरीब. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, पण १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. यातून घ्यायचा धडा विकेंद्रीकरण नको असा नाही. पैसा साऱ्या शहराच्या तिजोरीतून, गरजेच्या प्रमाणात यावा आणि निर्णय मुलाच्या जवळ व्हावा, असा तो धडा आहे. मुंबईची तिजोरी एक आहे. त्यामुळे अमेरिकेला जे जमले नाही, ते येथे जमण्यासारखे आहे. वशिलेबाजीचे म्हणाल, तर जाहीर लावलेली नोंदवही हाच तिच्यावरील उतारा होय.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. त्यामुळे शिक्षण समितीत प्रश्न विचारणारेही कोणी नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि ती सबब संपली. रस्ता, गटार, पाणी यांचे प्रश्न घेऊन नागरिक नगरसेवकाकडे जातातच. शिक्षकांनी, पालकांनी आणि विशेषतः शाळा व्यवस्थापन समित्यांवर बसणाऱ्या मातांनी त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा: या प्रभागात मुले किती आणि त्यांतील शाळेत नाहीत ती कोठे आहेत? ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत नव्हे, नावांनिशी मिळेल, त्या दिवशी शिक्षणाच्या हक्काचा कायदा उपनगरांत खऱ्या अर्थाने अमलात आला असे म्हणता येईल.