इमारतीचे गणित रहिवाशांच्या हाती द्या

१. आरसीसी इमारतीचे डिझाइन आपल्याकडे ‘आयएस ४५६’ या संहितेनुसार होते. तिचा मुख्य भर आधी ‘वर्किंग स्ट्रेस’ पद्धतीवर होता. १९७८ मध्ये ‘लिमिट स्टेट’ पद्धत आली आणि २००० मध्ये जुनी पद्धत परिशिष्टात गेली. आता नेहमीचा भार दीडपट धरतात, काँक्रीटची ताकद १.५ ने भागतात आणि सळईची १.१५ ने. सळई कारखान्यातून तयार येते, काँक्रीट मात्र साइटवर ओतले जाते, म्हणून त्याच्यावर भरवसा कमी. हातून होणाऱ्या उणिवा संहितेने हिशेबात धरल्या आहेत, पण एका मर्यादेपर्यंतच.

२. खरी मेख भूकंपाच्या हिशेबात आहे. ‘आयएस १८९३’ साध्या चौकटीसाठी भूकंपाचे बळ तीनने भागू देते, तर खास तपशील पाळलेल्या लवचिक चौकटीसाठी पाचाने. मोठ्या धक्क्यात अशी चौकट तडकेल, वाकेल, पण माणसे बाहेर पडेपर्यंत उभी राहील, हा त्यामागचा विचार. ही सवलत फुकट मिळत नाही. ‘आयएस १३९२०’ सांगते की सांध्याजवळ कॉलमच्या रिंगा दाट हव्यात आणि त्यांचे हुक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. हुक ९० अंशांतच ठेवला, तर वरचे कव्हर निखळताच रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. कागदावरचा तो पाचाचा भागाकार शेवटी बारबेंडरच्या मनगटावर उभा असतो, आणि ते काम पाहायला बहुतेक वेळा कोणीच नसते.

३. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरहून दूर होते. तरी तिथल्या, खाली पार्किंगसाठी मोकळा मजला सोडलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. अहमदाबाद भूकंपाच्या झोन तीनमध्ये होते. २०१६ च्या संहितेत मुंबई-पुणेही त्याच झोनमध्ये आहेत. झोनच्या नकाशावर विसंबून राहू नये हे तर किल्लारीच्या भूकंपाने १९९३ मध्येच शिकवले, कारण तेव्हा तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

४. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करावी लागते. मूळ नकाशे नसतील तर तपासणारा काय करणार? रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. हुक कसा वळला आहे, हे काँक्रीट फोडल्याशिवाय कळत नाही.

५. म्हणून प्रत्येक महापालिकेने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. स्लॅब टाकण्याआधी आणि कॉलम भरण्याआधी सळया-रिंगांचे तारखेसह फोटो, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. बळ तीनने भागले की पाचाने, याची भोगवटा प्रमाणपत्रावर स्पष्ट नोंद. आणि सोसायटी स्थापन होताच तिला आरसीसी नकाशांचा पूर्ण संच. नकाशे ही आपली खासगी मालमत्ता आहे, असे बिल्डर म्हणतील. त्या कॉलमखाली झोपणाऱ्या कुटुंबाचा हक्क त्याआधी येतो.