"वाचलं होतं दादा, पण त्यात भाजणी नव्हती"

विक्रीनंतरच्या सेवेवर व्हिडिओ केला, तेव्हा एक किस्सा सांगायचा राहिला. थोडा लाजिरवाणा आहे, बहुतेक म्हणूनच राहिला.

माझ्या दुकानात घरघंटी विकली जाते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका ताईंनी घेतली. भाजणी आणि पिठं विकायचा व्यवसाय सुरू करायचा होता. आठ दिवसांत फोन आला, "दादा, मशीन बंद पडलं. वीस किलोची ऑर्डर घेऊन बसलेय." मी गेलो. उघडून बघतो तर जाळी पार बुजलेली, आत पिठाचा लगदा. भाजलेलं धान्य गरम असतानाच टाकलं होतं. वाफ आत कोंडली, पीठ ओलसर होऊन चिकटलं. आणि मी काय बोललो? "ताई, मॅन्युअल वाचलं नाही का?"

त्या म्हणाल्या, "वाचलं होतं दादा, पण त्यात भाजणी नव्हती."

ऑर्डर गेली ती गेलीच. त्या रात्री मी ते मॅन्युअल पहिल्यांदा नीट वाचलं. हो, पहिल्यांदा! बीबीए झालेला माणूस, वर्षानुवर्षं तेच मशीन विकणारा. इंग्रजी, बारीक अक्षर. ओलं धान्य टाकू नका, असं त्यात होतं. पण ताईंच्या हिशेबाने भाजलेलं धान्य म्हणजे कोरडंच की! सूचना चुकीची नव्हती, पण त्यांच्या कामाला लागू कशी करायची हे कुठेच नव्हतं. सगळं मशीनच्या भागांप्रमाणे लिहिलेलं: मोटर, जाळी, स्विच. गिऱ्हाईक भाग घेऊन येत नाही, काम घेऊन येतं. भाजणी दळायचीय. नाचणी दळायचीय. आवाज येतोय, काय करू?

"लोक वाचतच नाहीत" हे आपलं दुकानदारांचं लाडकं वाक्य. मला ते पटत नाही. लोक वाचतात, पण अडल्यावर वाचतात. उभ्याउभ्या, हात पिठाने भरलेले असताना. तेव्हा चाळीस पानांतलं एक वाक्य कोण शोधणार? व्हिडिओसुद्धा अशा वेळी उपयोगाचा नाही, आणि हे व्हिडिओ बनवणारा माणूस सांगतोय. आधी माझं "नमस्कार मित्रांनो" ऐकायचं, मग पिठाच्या बोटाने पुढे सरकवायचं.

म्हणून मी एक पान केलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, मशीनवर डकवायला. कोणत्या धान्याला कोणती जाळी. भाजलेलं धान्य हाताला थंड लागेपर्यंत थांबा. शेंगदाणे, तीळ टाकू नका. पहिल्या खेपेला "अर्थिंग तपासा" असं लिहिलं होतं. दुकानातल्या पोराच्या आईला पान दिलं आणि मी गप्प उभा राहिलो. त्या तिथेच अडल्या. आता लिहिलंय, "तीन पिनांचाच प्लग लावा, तिसरी पिन काढू नका. सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या." गप्प उभं राहणं फार अवघड असतं बरं का, तोंडातून मदत निघतेच. पण गिऱ्हाइकाच्या घरी आपण नसतो.

यात कायद्याचाही भाग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 प्रमाणे, वापराच्या पुरेशा सूचना नसल्यामुळे इजा झाली तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. कलम 86 मध्ये आपण विक्रेते येतो: कंपनीचे इशारे, सूचना विकताना पुढे सांगितल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली, तर जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते. बुजलेली जाळी त्यात बसत नाही, पण शॉक बसला तर?

तुम्ही म्हणाल, आम्ही मशीन विकत नाही, इडलीचं पीठ विकतो. मग पाकिटामागे बघा. "एक कप पाणी घाला." कुणाचा कप? तुमच्या घरचा दीडशे मिलीचा असेल, तिचा अडीचशेचा. इडली बिघडली की ती फोन करत नाही, दुसरं पाकीट घेते. ताईंनी निदान फोन तरी केला.

त्या अजून माझ्याकडेच येतात. परवा विचारत होत्या, मोड आणलेली नाचणी किती वाळवून टाकायची? माझ्या पानावर ते नाही. या रविवारी त्यांच्याच घरी दळून बघणार आहोत, मग नवीन पान छापेन.