सापडले तिला, नाव मात्र कुणाचे?

या अंकाचे संपादकीय एका पत्र्याच्या डब्यावर लिहिते आहे.

आंबिवलीच्या गटाच्या बैठकीला एक मावशी बिस्किटांचा जुना डबा पदराआड धरून आल्या. तीस वर्षे त्यांनी बिगारी काम केले. शहाड, मोहने, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरींच्या पायाची माती त्यांच्या डोक्यावरच्या घमेल्यातून गेली. त्या मातीत जे हाती लागले ते डब्यात होते. हिरवी पडलेली चार तांब्याची नाणी, एक पितळी घुंगरू, एक जोडवे आणि कुलूप नसलेली एक किल्ली. प्रत्येक वस्तूची जागा त्यांना तोंडपाठ. "हे नाणं टाकीच्या खड्ड्यात. धाकटी पोटात होती तेव्हा." मग म्हणाल्या, "हे लेकीला द्यायचंय. पोरगा म्हणतो, भंगारात घाल. आणि ताई, पोलीस विचारतील का हो?"

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. एकदा त्यांना चांदीचे वाळे सापडले होते. "मी वर कळवतो" म्हणून मुकादमाने ते घेतले. त्याचे पुढे काय झाले हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. रोजच बंद झाला असता.

मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा, इंग्रजांच्या काळातला, पण आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ज्याला सापडली त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. दहा रुपये १८७८ चे; आज पितळी घुंगरूही त्याच्या वर जाईल! वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, एवढे लिहायचे आणि वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची किंवा मागताच हजर करण्याची हमी द्यायची. चौकशीत वस्तू बेवारस ठरली, तर दुसरा काही करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल, तर किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम द्यावी लागते. लपवून ठेवले तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

या सगळ्यात मुकादमाचा वाटा कुठेच नाही. सापडणारी व्यक्ती म्हणजे जिच्या हाताला वस्तू लागली ती. रोजंदारीवर आहे, अंगठा उठवते, जमीन दुसऱ्याची आहे, म्हणून तिचा हक्क बुडत नाही. पण अर्जावर नाव कुणाचे जाते? मुकादमाचे, नवऱ्याचे, नाहीतर कुणाचेच नाही.

१९७४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला झाडाचे मूळ उकरताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. जागा ठाऊक असल्यामुळे पुढे तिथे मोठे उत्खनन होऊ शकले. त्या शेतकऱ्याचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत नोंदले गेले आहे, आणि ते योग्यच झाले. उत्खननांच्या छायाचित्रांत घमेली उचललेल्या बायकाही दिसतात; फोटोखाली त्या "मजूर" असतात.

गुप्तधन म्हटले की आपल्याकडे बाई निराळ्याच कारणाने आठवली जाते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला गुप्तधनाच्या हव्यासातून जे खून झाले, त्यांतले बहुतेक बळी मुली आणि स्त्रियाच होत्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा म्हणून घालावी लागली, ती उगाच नाही. हल्ली तरुण मुले मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर फिरतात. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणे गुन्हा आहे, हे आयांनी मुलांना सांगावे. ब्रिटनमध्ये हा छंद मोठा आहे, पण तिथे १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद ठेवणारी सार्वजनिक योजनाही आहे. कुणाला, कोणत्या शेतात सापडले, हे त्यात लिहिले जाते. जागा न कळलेले नाणे अभ्यासकाला मुके असते.

आता लेकीचा प्रश्न. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे स्त्रीने कोणत्याही मार्गाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. (अनुसूचित जमातींना हा कायदा सरसकट लागू नाही, त्यामुळे कातकरी-ठाकूर भगिनींनी स्वतंत्र सल्ला घ्यावा, मुस्लिम भगिनींचे नियम वेगळे आहेत.) मृत्युपत्र न करता ती गेली, तर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा वाटा. मूलही नाही आणि नवराही नाही, तर पाळी नवऱ्याच्या वारसांची. आईबापांचा क्रमांक त्यांच्याही मागे! म्हणून लिहून ठेवायचे. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. त्याहून सोपे म्हणजे जिवंतपणी वस्तू लेकीच्या हातात देणे. जंगम वस्तूचे दान प्रत्यक्ष ताबा दिल्याने पुरे होते. अर्थात जमिनीत सापडलेल्या वस्तूचा आधी अर्ज, मग दान.

सांभाळण्याबद्दल थोडे सांगते, कारण मावशींनी डबा उघडण्याआधी नाणी चिंचेने घासायला काढली होती. तांब्या-पितळेची भांडी लख्ख ठेवायचे वळण आपल्या हातांना लहानपणापासून लावलेले असते. जुन्या नाण्याला चिंच, लिंबू, राख, पावडर काही लावू नये. हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात. कोरड्या सुती कापडात एकेक वस्तू वेगळी गुंडाळावी, रबर लावू नये, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून डबा दूर ठेवावा. आणि प्रत्येक वस्तूबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाई ओलीने फुटते.

चिठ्ठीत काय लिहायचे? काय, कुठे, केव्हा, कुणाला सापडले. कायद्याला अर्जात हवे असते तेच. आपल्या घरांतल्या किती वस्तू "आजोबांच्या वेळच्या" म्हणून मुलाच्या कपाटात जातात आणि त्या आजीने मिळवल्या, राखल्या, अडीअडचणीत गहाण टाकून सोडवल्या, हे कुणाला ठाऊकही नसते!

त्या बैठकीत आम्ही चिठ्ठ्या लिहिल्या. मावशी सांगत होत्या, त्यांची दहावी झालेली लेक लिहीत होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावचा अर्जही गटाने तयार केला. त्यावर मावशींचा अंगठा आहे, आणि पोच घेऊन तिची प्रत डब्यात ठेवायचे ठरले आहे. शेवटी लेकीने विचारले, "आई, वाळ्याची चिठ्ठी लिहू का?" मावशी जरा गप्प राहिल्या. मग त्यांनी जागा सांगितली, साल आठवून सांगितले, आणि वाळे कुणाच्या हातात दिले तेही सांगितले. ती चिठ्ठीही आता डब्यात आहे.