सुखी माणसाचा वापरलेला सदरा

आजारी राजाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वैद्य हरले, मांत्रिक हरले आणि शेवटी कोणा शहाण्याने सांगितले, "सुखी माणसाचा सदरा महाराजांना घाला." शिपाई राज्यभर हिंडले. सुखी माणूस सापडला, पण त्याच्या अंगात सदराच नव्हता! या गोष्टीचे तात्पर्य आपण शाळेत गुणांसाठी इमानेइतबारे लिहिले आहे. पण तिच्यातली एक बारीकशी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. राजाला हवा होता तो सदरा दुसऱ्याच्या अंगावरचा, चांगला वापरलेला होता. आणि तो घालण्यात राजाला कमीपणा वाटला नव्हता. जुन्या कपड्यांचे आद्य गिऱ्हाईक प्रत्यक्ष राजाच म्हणायचा!

मला हे आठवते ते आमच्या वसई-विरारकडच्या थंडीमुळे. कार्तिकातली निर्मळची यात्रा झाली की ती येते, पण येते ती भिडस्त पाहुणीसारखी. पहाटे दारात उभी राहते आणि दहाच्या सुमारास "बराय, येते" म्हणून निघूनही जाते. नाशिककरांसारखे आम्हाला शेकोटीचे कौतुक नाही. अशा चार दिवसांच्या थंडीसाठी नवा लोकरी कोट कोण घेणार? म्हणून थंडी पडली की स्टेशनाबाहेरच्या पदपथावर स्वेटरांचे ढीग लागतात आणि लोकलमधून उतरलेली भली भली माणसे त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभी राहतात. माझी मुलगी याला 'थ्रिफ्ट' म्हणते. माझी आई अशा कपड्याला 'जुनेर' म्हणे. मधल्या मी मात्र दोन्ही शब्द शिकले.

असा शंभर रुपयांचा स्वेटर चढवून रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात जाण्यात मोठे सुख आहे. पिशवीत चार सुकेळी असावीत, उन्हाची तिरीप पाठीवर असावी आणि घाई कसलीच नसावी. मला तर वाटते, या कपड्यांत फिरायला याहून योग्य जागा नाही, कारण हा किल्लाच मुळी अनेक अंगांवरून उतरलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १७८० मध्ये इंग्रजांनी ती घेतली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, म्हणजे ऐन थंडीत, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. तैनाती फौजेचा तो उबदार अंगरखा दिसायला आयता होता, पण देणाऱ्याने पुढे त्याची किंमत म्हणून सारे राज्यच घेतले. दिलेल्या कपड्याला कधी कधी असा अदृश्य धागा असतो.

या धाग्याचीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

तसे पाहिले तर आपण सर्वांनी आयुष्याची सुरुवात जुनेरातच केली. बाळाच्या अंगाला नवे कापड टोचते, म्हणून आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी आणि आजोबांच्या धोतराचे लंगोट. मग थोरल्याचा सदरा धाकट्याला, आईच्या साडीचे परकर-पोलके आणि उरल्यासुरल्या चिंध्यांची गोधडी. यात कोणाला लाज वाटत नसे. १९४३ साली महायुद्धामुळे आपल्याकडे कापडावर नियंत्रण आले. इंग्लंडात तर १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचे रेशनिंग होते आणि जुने कपडे सांधून कसे वापरावेत याची पुस्तिका खुद्द सरकारने काढली होती. सगळ्यांचेच सदरे जुने असले की कोणाचाच सदरा जुना दिसत नाही.

मग लाज येते कुठून?

याचे उत्तर मला एका विद्यार्थिनीने दिले. मागे एकदा आमच्या महाविद्यालयात गरजू मुलांसाठी कपडे गोळा करण्याची टूम निघाली. एका वर्गात टेबले मांडली, त्यांवर ढीग रचले आणि "ज्यांना हवे त्यांनी न्यावे" अशी पाटी लावली. जिला खरोखरच गरज होती अशी एक मुलगी त्या वर्गाकडे फिरकलीही नाही. आठवड्याने ती स्टेशनाबाहेरच्या ढिगातला एक निळा स्वेटर घालून आली. दीडशे सांगितलेला तिने नव्वदला आणला होता, आणि हे सांगताना तिचा चेहरा काय फुलला होता! मी सहज विचारले, "अगं, आपल्याकडे तर फुकट होते ना?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तिथे मला 'नको' म्हणता येतं."

शिक्षिकेने फळ्यावर लिहून ठेवावे असे ते वाक्य होते.

विचार केला तेव्हा मला आमच्या लहानपणीची बोहारीण आठवली. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसे, साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा बरोबर हेरी आणि "ताई, याचं एवढंसं पातेलंच येईल" असे ठणकावून सांगे. आईही हटत नसे. अर्धा तास घासाघीस चाले, कधी बोहारीण पाटी उचलून निघण्याचे नाटक करी. पण त्या व्यवहारात भिकारी कोणीच नव्हते. दोघीही 'नको' म्हणू शकत होत्या.

कपड्यांचा हा प्रवास पुढे फार लांब जातो. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशांतून आलेले वापरलेले कपडे निवडले जातात आणि त्यांतले बरेचसे पुन्हा परदेशी रवाना होतात. जुनी लोकर पानिपतला जाते. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते. स्वेटरांचेही तिथे पानिपतच होते, पण त्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत निघते आणि त्याची स्वस्त कांबळी होतात. म्हणजे टाकाऊ असे फारसे काही नसते; प्रश्न असतो तो हातांतरण कसे होते याचा.

आता सुखवस्तू घरांतल्या मुलांना जुन्या कपड्यांची हौस वाटू लागली आहे, त्याचा मला आनंदच आहे. त्यांच्यामुळे 'उतरलेला' या शब्दातला डंख बोथट होतो. पण हौशी गिऱ्हाईक वाढले की भावही वाढतो, हे बाजाराचे व्याकरण आहे. म्हणून मी मुलीला एवढेच सांगते, "बाई गं, हौसेसाठी एक घे, पाच घेऊ नकोस. तुझ्यामागे कोणी गरजेसाठी उभे असेल."

दिवाळीच्या आवरासावरीत आपल्या सर्वांच्या कपाटांतून गाठोडी बाहेर निघतात. ती देण्याआधी कपडे धुवावेत, तुटलेली बटणे लावावीत, उसवलेले शिवावे. जे आपण आपल्या बहिणीला देणार नाही ते दुसऱ्याच्या बहिणीलाही देऊ नये. आणि जमेल तिथे दहा-वीस रुपये का होईना, मोल ठेवावे; गावातल्या एखाद्या मंडळाने तशी विक्री मांडली तर फारच उत्तम. घेणाऱ्याला ढीग उपसू द्यावा, नाक मुरडू द्यावे, भाव पाडू द्यावा.

थंडी अंगाला लागते, तिच्यावर स्वेटर पुरतो. उपकाराची थंडी मात्र स्वेटरच्या आत शिरते. नव्वद रुपयांत ती बाहेर ठेवता येत असेल, तर सौदा स्वस्तच म्हणायचा!