प्रोजेक्टरचे रंग बिघडलेत? मीटर नंतर घ्या, आधी खोली आणि मोड बघा

लॅमिंग्टन रोडवरून प्रोजेक्टर घरी येतो, भिंतीवर शंभर इंची चित्र उमटतं आणि पहिल्या रात्री सगळे खूश होतात. आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, माणसं एवढी लाल का दिसतात? मग जास्त ल्युमेन्सचं मॉडेल किंवा रंग मोजणारा मीटर घ्यायची चर्चा सुरू होते. त्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढावी. तिला पैसे लागत नाहीत.

भडक मोड दुकानासाठी

'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड झगमगत्या दुकानात उठून दिसतो. त्यात पांढरा रंग निळसर किंवा हिरवट होतो. व्हिडिओचा प्रमाण पांढरा म्हणजे डी६५, साधारण ६५०० केल्विन. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड बहुधा त्याच्या सर्वांत जवळ असतो. सुरुवातीला तो पिवळट वाटतो, कारण डोळे ट्यूबलाइटला सरावलेले असतात. चार दिवस तसाच ठेवावा.

खोलीही रंग बिघडवते

बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली असो वा पुनर्विकासातलं ५०० चौरस फुटांचं घर, पडद्यावरचा उजेड जवळच्या पांढऱ्या भिंती-छतावर आदळून परत पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी होतो. इथे महागडं यंत्रही हतबल असतं. पडद्याच्या बाजूच्या भिंतींवर गडद, चमक नसलेलं कापड सोडलं तरी फरक दिसतो. भिंत पिस्ता किंवा क्रीम रंगाची असेल तर चित्रालाही तीच झाक येते. साधा पांढरा पडदा लावलेला बरा.

दोनच सेटिंग

'एव्हीएस एचडी ७०९' हे चाचणी-चित्रांचं पॅकेज इंटरनेटवर मोफत मिळतं. ते पेनड्राइव्हवर घ्यावं, प्रोजेक्टर अर्धा तास चालू द्यावा आणि खोलीत अंधार करावा. 'ब्राइटनेस' हे नाव फसवं आहे. ते मुख्यतः काळ्याची पातळी ठरवतं. १६ क्रमांकाची पट्टी दिसेनाशी व्हावी आणि १७-१८ जेमतेम दिसाव्यात. 'कॉन्ट्रास्ट' पांढऱ्यासाठी, २३५ पर्यंतच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात. काहीही केलं तरी काळा राखाडीच राहिला, तर एचडीएमआय रेंजचं सेटिंग दोन्ही उपकरणांत सारखं आहे का, ते पाहावं.

आवडता सिनेमा लावून डोळ्यांनी रंग जुळवू नयेत. परळच्या राजकमल कलामंदिरचा १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमधला. त्याचे रंग मुळातच गडद. त्यावर 'कलर' वाढवला तर लाल वस्त्राचा नुसता लाल डाग उरतो, चुण्या दिसत नाहीत.

मग मीटर कशाला?

लाल, हिरव्या, निळ्याचे 'गेन' आणि 'बायस' नेमके बसवायला मीटर लागतोच. मोबाइलचा कॅमेरा इथे चालत नाही; तो पांढरा रंग स्वतःच्या मनाने दुरुस्त करतो. एचसीएफआर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण स्वस्त प्रोजेक्टर असेल तर मीटरची किंमत त्याच्याच किमतीला भिडते. वर्षातून एक-दोनदा लागणारी ही वस्तू चार मित्रांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी, हे शहाणपणाचं. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिवा जुना होतो तसे रंग सरकतात, त्यामुळे तो पुन्हा लागेल. एलईडी किंवा लेझरवाल्यांना तितकी घाई नाही.