लोकर पारखून घ्यावी, निवडून विकावी

सूत कातणारा आणि मेंढपाळ यांची समोरासमोर गाठ पडली, तर दोघांचेही हित होते. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात वेस्ट फ्रेंडशिप येथे दर वर्षी मे महिन्याच्या आरंभी मेंढी व लोकर यांची जत्रा भरते. तेथील मेंढीपालकांच्या संघटनेने भरविलेल्या या जत्रेचा आरंभ १९७४ साली झाला. घरी चरख्यावर सूत कातणारे आणि हातमागावर विणणारे लोक तेथे कच्ची लोकर निवडून घेतात. आपल्या मेंढपाळ बंधूंनी या खरेदीची रीत समजून घेण्याजोगी आहे.

तेथे एकेका मेंढीची लोकर स्वतंत्र ठेवलेली असते. गिऱ्हाईक ती हातात घेऊन पाहते. लोकरीची एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ ताणली असता तंतू तुटल्याचा आवाज आला, तर ती लोकर कमजोर समजावी. लोकर वाढत असताना मेंढी आजारी पडली किंवा उपाशी राहिली, तर तंतू त्या ठिकाणी बारीक होतो व तेथेच तुटतो. लोकर झटकल्यावर आखूड तुकडे गळले, तर कातरणाऱ्याने एकाच जागी दोनदा कातर फिरविली असे जाणावे. अशा तुकड्यांमुळे सुतात गाठी येतात. कुसळे, गोखरू व वाळलेले शेण यांचे प्रमाण पाहावे. धुतल्यावर वजन किती उरेल, याचाही अंदाज घ्यावा. मेरिनोसारख्या बारीक लोकरीचे निम्मे वजन तेल व मळ यांतच जाऊ शकते.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व केसाळ असते. तिच्यापासून अंगालगतचे मऊ कपडे होणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. घोंगडी, जेन व सतरंजी यांसाठी मात्र ती उत्तम आहे. काळा, तपकिरी व करडा हे तिचे रंग निसर्गतःच मिळतात; त्यांना रंगविण्याचा खर्च नाही. तरीही कृत्रिम धाग्यांच्या स्वस्त चादरींमुळे घोंगड्यांची मागणी घटली. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून अनेक ठिकाणी लोकर फेकून दिली जाते. ही हानी मेंढपाळाची आहे, तशीच घरी सूत कातणाऱ्या भगिनींची आणि मागावर बसणाऱ्या सणगर बंधूंचीही आहे.

आमचे मत असे की, सर्व लोकर एका ढिगात घालून विकण्याच्या रीतीमुळे ही हानी वाढते. ढिगात चांगल्या लोकरीलाही वाईट लोकरीचाच भाव येतो. म्हणून कातरणीपूर्वी मेंढ्या धुऊन पूर्ण वाळू द्याव्यात. स्वच्छ, कोरड्या जागी कातरणी करावी. पोटाची, पायांची व शेणाने माखलेली लोकर वेगळी काढावी. कोकरांचे मऊ जावळ निराळे ठेवावे आणि रंगवार गठ्ठे करावेत. गठ्ठे कापडात बांधावेत. सुतळीचे व प्लॅस्टिकचे धागे लोकरीत मिसळले, तर पिंजताना ते सहज निघत नाहीत.

निवडणीस वेळ लागतो व त्याचा मोबदला कोण देणार, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. यासाठी आरंभी कळपातील उत्तम अशा आठ-दहा मेंढ्यांचीच लोकर निवडावी व तिचाच भाव पाहावा. सूत कातणाऱ्यांनीही निवडलेल्या लोकरीस चार पैसे अधिक दिले पाहिजेत. एरवी मेंढपाळ पुढील वर्षी ते श्रम का घेईल?

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा व खोबरे यांच्याबरोबर लोकरही उधळली जाते. जी लोकर देवाला वाहिली जाते, तिला बाजारातही मान मिळाला पाहिजे. अशा यात्रांत निवडलेल्या लोकरीसाठी स्वतंत्र जागा राखावी. तेथे एक तराजू, एक स्वच्छ चादर आणि प्रत्येक गठ्ठ्यावर गाव, रंग व वजन लिहिलेली चिठ्ठी एवढी सामग्री आरंभास पुरे आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी येत्या कातरणीच्या वेळी आपल्या गावातील एका तरी वाड्यावर जाऊन ही निवड स्वतः करून दाखवावी.